एका कपाचं पाणी

"तुमच्याबद्दल थोडं सांगा," तो म्हणाला आणि मोबाइल बघायला लागला.

या वाक्याची मला पहिल्यापासून चीड आहे. सांगा म्हणायचं आणि ऐकायचं नाही. त्याने केसांत गॉगल खोचला होता. खोलीला खिडकीसुद्धा नव्हती, ऊन कुठून येणार होतं देव जाणे. मी मनातल्या मनात त्याचं नाव गॉगल ठेवून टाकलं. विजेच्या किटल्या बनवणाऱ्या कंपनीच्या मार्केटिंगचा तो प्रमुख होता. शेजारी लॅपटॉप उघडून बसलेली एक मुलगी होती, आणि टेबलाच्या पार टोकाला कारखान्यातला एक इंजिनिअर, ज्याला बहुतेक खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून बोलावलं होतं.

मी सांगितलं. मी फ्रीलान्स कॉपीरायटर. ब्रँडसाठी लिहिते, म्हणजे खोक्यावरचे, जाहिरातीतले, वेबसाइटवरचे शब्द माझे असतात आणि नाव तुमचं. नोकरी करत नाही, कारण ऐकून घ्यायची सवय नाही. साबण, गाद्या, विमा, कुत्र्यांचं खाणं, सगळ्यावर लिहून झालंय.

"आणि माझी पद्धत एकच आहे," मी म्हणाले. "वस्तू वापरल्याशिवाय मी तिच्यावर एक शब्द लिहीत नाही. विकत घेणारा माणूस घरी जशी वापरेल तशीच वापरते. गादीवर झोपून बघितलं. विम्याचा फॉर्म स्वतः भरला आणि कंपनीला सांगितलं, जाहिरात राहू द्या, आधी फॉर्म बदला."

"आणि कुत्र्यांचं खाणं?" मुलीने विचारलं.

"चाखलं. मीठ कमी होतं."

मुलगी हसली. गॉगलने मान वर केली. "पण किटलीत काय बघायचंय, मॅडम? पाणी घाला, बटण दाबा, उकळलं की टक, आपोआप बंद." टक म्हणताना त्याने चुटकी वाजवली. मग भिंतीवरच्या पोस्टरकडे बोट केलं.

पोस्टरवर एक पांढऱ्या केसांची बाई खिडकीशी बसलेली. समोर किटली, आणि एक कप. एकच. खाली ओळ होती: तुम्ही विसरलात तरी चालेल.

"एकट्या राहणाऱ्या वयस्क लोकांवर आमचा सगळा भर आहे," गॉगल म्हणाला. "गॅस नको, आग नको, लक्षात ठेवायला नको. मुलं आईवडिलांना भेट म्हणून देतात. ही ओळ जुनी झाली. असंच काहीतरी नवीन हवंय. प्रेमळ."

मी त्या पोस्टरकडे बघत राहिले. काम नाकारून सरळ उठून जावं असं एकदा मनात आलं. कारण ही किटली आमच्याकडे येऊन गेली होती, आणि तिने आमच्या घरात जे करायचं ते करून ठेवलं होतं.

आत्या एकटी राहते. राहायची. तिने लग्न केलं नाही. हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीत तिने सगळी नोकरी काढली. भल्याभल्या डॉक्टरांचे चुकलेले डोस तिने खिडकीतून परत पाठवले होते आणि वर "साहेबांना म्हणावं, चष्मा बदला" असा निरोपही. निवृत्तीनंतर स्वतःच्या दोन खोल्यांत ती राणीसारखी राहत होती. माझ्या दादाला मात्र तिच्या गॅसची काळजी. "आत्या, वय झालं आता," म्हणत त्याने तिला ही किटली आणून दिली. त्याने पोस्टर बघितलं असणार.

मग एका सकाळी आत्याने चहासाठी पाणी ठेवलं आणि ती आंघोळीला गेली. बाहेर आली तर स्वयंपाकघरात धूर. किटली वितळून ओट्याला चिकटलेली, वरचं कपाट पेटलेलं. शेजाऱ्यांनी दार ठोठावलं, कोणीतरी बादली ओतली. तिला काही झालं नाही. पण दादा धावत आला, त्याने काळी भिंत बघितली आणि त्याचा निर्णय झाला.

"तिने झाकण उघडं ठेवलं असणार," तो सगळ्यांना सांगत सुटला. "झाकण उघडं राहिलं की किटली बंद होत नाही. माहितीपुस्तिकेत लिहिलंय."

"मी झाकण लावलं होतं," आत्या म्हणाली. "झाकण टक वाजून बसल्याशिवाय मी त्यावरचा हात काढत नाही."

"असं तुला आठवतंय," दादा म्हणाला. आणि सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

ते बघणं मला अजून आठवतं. त्यानंतर आत्याचं बोलणं बोलणं राहिलं नाही, लक्षण झालं. चष्मा शोधला तरी लक्षण, शेजारणीचं नाव चटकन आठवलं नाही तरी लक्षण. तिला दादाच्या घरी आणलं. घराची किल्ली त्याने स्वतःकडे ठेवली, "हरवेल उगाच" म्हणून. वहिनी वाईट नाही, पण तिच्या प्रेमात माणूस गुदमरतो. आत्याने कप उचलला की वहिनी तो हातातून काढून घेते. "राहू द्या आत्या, मी देते ना." गॅसजवळ जायची तर बातच नको.

मागे गेले तेव्हा आत्या पलंगावर बसून डोळे मिटून पुटपुटत होती. मला वाटलं जप करतेय. जप नव्हता, औषधांची नावं होती. एकामागून एक, डोससकट.

"रोज परीक्षा घेते स्वतःची," ती म्हणाली. "कालपर्यंत सगळी येत होती. आज एक अडलं."

"अगं, मला तर एकही येत नाही."

"तू औषधं देत नव्हतीस." मग ती म्हणाली, "बहुतेक उघडंच ठेवलं असेल गं मी झाकण. दादा उगाच कशाला म्हणेल?"

आत्या "बहुतेक" म्हणाली. ज्या बाईने आयुष्यात हा शब्द औषधाच्या बाटलीजवळ फिरकू दिला नाही, ती. मला तिथेच रडू आलं असतं, पण मला रडण्याआधी राग येतो, आणि मग रडायचं राहून जातं. तिचं घर विकायचं ठरलं होतं. रविवारी घेणारा माणूस येणार होता आणि आत्या सही करायला तयार होती.

म्हणून मी काम नाकारलं नाही. गॉगलकडून किटली मागून घेतली. "वापरून बघते आणि मग बोलू," म्हटलं. त्याने खांदे उडवले. करार-बिरार काही केला नाही. लिहिणाऱ्या बाईला कोण घाबरतं!

घरी आल्यावर मी किटली काठोकाठ भरून लावली. उकळलं, टक, बंद. अर्धी भरून लावली. टक, बंद. झाकण मुद्दाम उघडं ठेवलं, तर बंद झाली नाही, पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे. म्हणजे दादाचं खरं. मी ओट्यापाशी उभी राहून स्वतःवरच वैतागले. एवढा आव आणून आले होते, आणि हाताशी काही नाही.

मग मला चहा प्यायची इच्छा झाली. मी पण एकटीच राहते. कपभर पाणी किटलीत ओतलं, झाकण दाबलं, टक वाजलं, बटण दाबलं आणि लॅपटॉप उघडायला बाहेर गेले. थोड्या वेळाने लक्षात आलं की बंद होताना मघाशी येणारा आवाज आता आलाच नाही. आत जाऊन बघते तर किटली खदखदतेय. वाफ चोचीतून भसाभस बाहेर, बटण आपलं खाली. झाकण घट्ट. मी बघत उभी राहिले. पाणी आटत गेलं, तळ दिसायला लागला, प्लास्टिकचा वास सुटला आणि मी प्लग ओढला.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. अर्धी भरली की बंद होते, कपभर असलं की होत नाही. वाफ कमी पडत होती, बंद करणाऱ्या खटक्यापर्यंत पोचतच नव्हती. आणि कपभर पाणी कोण ठेवतं? ज्याच्या घरात दुसरा कप मागणारं कोणी नसतं तो.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दादाला फोन लावला.

"एखादा पीस खराब निघतो," तो म्हणाला.

"दादा, आत्या पण कपभरच ठेवते!"

"कंपनी असं म्हणते का? एवढी मोठी कंपनी आहे, तपासल्याशिवाय विकेल का? आणि समजा असेलही, वय तर झालंय ना तिचं? घर घेणाऱ्याला शब्द दिलाय मी. तू तुझ्या जाहिराती लिही, यात पडू नकोस."

आत्याचं वाक्य तिच्या तोंडातून आलं म्हणून खोटं, माझं वाक्य माझ्या तोंडातून आलं म्हणून खोटं. कंपनी म्हणाली की खरं. ठीक आहे, म्हटलं. कंपनीच्याच तोंडून वदवते.

दुसऱ्या बैठकीला मी किटली घेऊन गेले. तेच तिघे, तेच पोस्टर. गॉगल आज हातात कॉफीचा कप धरून बसला होता.

"ओळ सुचली का?"

"सुचली. आधी जरा पाणी ठेवते." मी त्यांच्यासमोर एक कप पाणी मोजून ओतलं, झाकण लावलं. टक. "वाजलं ना? सगळ्यांनी ऐकलं?" बटण दाबलं आणि बोलायला लागले.

मी बोलले काहीही. ब्रँडचा आवाज म्हणजे काय, शब्दाने दिलेलं वचन वस्तूने कसं पाळायचं असतं, वगैरे. कॉपीरायटर या विषयावर झोपेतही बोलू शकतात. मागे पाणी उकळायला लागलं. मी बोलत राहिले. वाफेने पोस्टरवरच्या बाईचा चेहरा ओलसर झाला. सगळ्यात आधी इंजिनिअरने वर बघितलं, मग मुलीने. दोघांची नजर बटणावर. गॉगल मान डोलावत होता.

"सर," मुलगी म्हणाली, "ती बंद होत नाहीये."

वास सुटला तेव्हा मी प्लग काढला. आत पाण्याचा थेंब नव्हता.

"एखादा पीस खराब निघतो," गॉगल म्हणाला. दादाचंच वाक्य, शब्दाला शब्द. या लोकांना हे कुठे शिकवतात?

कोपऱ्यात नव्या खोक्यांचा मनोरा रचून ठेवला होता. मी मधलं एक खोकं ओढलं, सील फोडलं, नवी किटली काढली, एक कप पाणी घातलं. आम्ही चौघं मोठी माणसं एका किटलीकडे टक लावून बसलो होतो. तीही बंद झाली नाही.

मी इंजिनिअरकडे वळले. "तुम्ही तपासता ना?"

"तपासतो," तो म्हणाला. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. "भरून. घरात चार माणसं धरून तपासतो."

"आणि विकता एकट्या माणसाला?"

त्याने गॉगलकडे बघितलं.

"पुस्तिकेत लिहिलंय," गॉगल म्हणाला, "किमान अर्धी भरावी. बारीक अक्षरात आहे, पण आहे. कोणी नाही वाचलं तर आम्ही काय करणार?"

"पोस्टरवर एक कप कोणी काढला?"

"तो भावनेसाठी आहे, मॅडम." मग त्याला काहीतरी सुचलं. तो पुढे झुकला, आणि पहिल्यांदाच मोबाइल उलटा ठेवला. "खरं तर बरं झालं तुम्ही सांगितलंत. आपण यातूनच कॅम्पेन काढू. 'आईबाबांवर लक्ष ठेवा.' म्हणजे ते विसरतात, झाकण उघडं ठेवतात, पाणी कमी घालतात, मुलांनी जरा बघावं. जबाबदारी कुटुंबाची, काळजी आमची. तुम्ही छान लिहाल. फक्त आधी एक गोपनीयतेचा करार करून घेऊ."

मला माझा आवाज किती चढला ते कळलं नाही. बाहेरून कोणीतरी काचेतून डोकावून गेलं, यावरून काय ते समजा.

"विसरतात? माझी आत्या विसरली नव्हती! तिने झाकण लावलं होतं, टक ऐकलं होतं, तुमच्यावर विश्वास ठेवून ती आंघोळीला गेली होती. तुमच्या किटलीने तिचं कपाट जाळलं आणि खापर तिच्या डोक्यावर फोडलं. रोज सकाळी उठून ती स्वतःची परीक्षा घेतेय, डोकं ठिकाणावर आहे का म्हणून! आणि तुम्ही मला सांगताय, हेच जरा छान शब्दांत लिहा?"

"भावना समजू शकतो—"

"नाही समजू शकत. मला एका ओळीत लिहून द्या, कपभर पाण्यात तुमची किटली बंद होत नाही. कंपनीच्या कागदावर."

"ते शक्य नाही."

"माहीत होतं." मी दोन्ही किटल्या पिशवीत कोंबल्या. एक अजून गरम होती. "ओळ विचारत होतात ना? ही घ्या. 'तुम्ही विसरला नाहीत तरी जळेल.' फुकट."

"त्या किटल्या कंपनीच्या आहेत!" तो ओरडला.

"मग या माझ्या मागे," मी म्हणाले. कोणी आलं नाही. लिफ्टपाशी इंजिनिअर तेवढा धापा टाकत आला. मला वाटलं किटल्या परत मागणार. त्याने खिशातून आपलं कार्ड काढून दिलं आणि म्हणाला, "तुमच्या घरचे विचारतील तर माझा नंबर द्या. मी सांगीन." आणि तो लगेच परत फिरला, कोणी बघण्याआधी.

मी तशीच दादाच्या घरी गेले. रविवारची वाट बघण्यात अर्थ नव्हता. दादा हॉलमध्ये बसला होता, वहिनी भाजी निवडत होती, आत्या खिडकीशी. तिच्यासमोर कपसुद्धा नव्हता.

मी दोन्ही किटल्या जेवणाच्या टेबलावर ठेवल्या. दादाने डोक्याला हात लावला. "झालं हिचं सुरू."

"हो, सुरू. कंपनीतून आलेय. ही एक, आणि ही त्यांच्यासमोर सील फोडलेली दुसरी. दोन पीस एकदम खराब निघत नाहीत. हा त्यांच्या इंजिनिअरचा नंबर, फोन कर आणि विचार. नाहीतर बस आणि बघ."

त्याने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. फोन केला नाही, पण उठूनही गेला नाही. मी पाणी आणायला वळले, तर आत्या उठली होती.

"मी ठेवते," ती म्हणाली.

"आत्या, राहू द्या—" वहिनी म्हणाली आणि आत्याने तिच्याकडे बघितल्यावर परत भाजीकडे वळली. हॉस्पिटलच्या खिडकीतून डॉक्टरांकडे बघायची तसं बघितलं होतं तिने.

आत्याने कपाटातून कप काढला. नळाखाली धरून भरला, किटलीत ओतला. झाकण दाबलं. हात तसाच ठेवून वाट बघितली. टक. मग हात काढला आणि दादाला विचारलं, "ऐकू आलं?"

"आलं," दादा म्हणाला.

"नीट लावलंय का, हात लावून बघ."

त्याने बघितलं. "लावलंय."

तिने बटण दाबलं आणि खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली. पाणी उकळलं. वाफ निघायला लागली. बटण खालीच. दादा आधी किटलीकडे बघत होता, मग माझ्याकडे, मग आत्याकडे बघायचं टाळत टेबलाकडे. वहिनीच्या हातातली भाजी तशीच राहिली.

"बरं, बरं, कळलं," दादा म्हणाला आणि त्याने बटणाकडे हात नेला.

"हात लावू नकोस." आत्याचा आवाज चढला नव्हता. "पूर्ण आटू दे. माझ्या घरी पूर्ण आटलं होतं."

तो बसला. आम्ही सगळे बसून राहिलो. खदखद कमी होत गेली, तळाशी चुरचुर वाजायला लागली, वास आला. त्याच वासात ती त्या दिवशी ओल्या केसांनी एकटी उभी होती, हे मला तेव्हा कळलं. मग आत्या उठली आणि तिने स्वतः प्लग काढला.

"आत्या, मला काय माहीत," दादा पुटपुटला. "तुझ्या काळजीनेच ना मी..."

"काळजी केलीस. विचारलं नाहीस," ती म्हणाली. आता मात्र तिचा आवाज कापत होता, आणि तो रागाने कापत होता. "कपाट जळलं, त्याचं काही नाही. घर विकायला निघालास, तेही सोडून दिलं असतं. पण मला माझ्यावर संशय यायला लागला रे. मी लावलेलं झाकण मला उघडं आठवायला लागलं होतं. ते मी तुला माफ करणार नाही. निदान इतक्यात तरी नाही."

दादाने मान खाली घातली. माझ्या भावाला मी लहानपणापासून ओळखते, त्याला मान खाली घालता येते हे मला माहीत नव्हतं.

आत्याने पदराला हात पुसले आणि हात त्याच्यासमोर पसरला. सरळ, उघडा.

"किल्ली," ती म्हणाली.

दादा उठून आत गेला. त्याला यायला वेळ लागला, तेवढा वेळ तिने हात खाली घेतला नाही.